पिकअपचे ब्रेक होज घरी बदलताना
बोलेरो पिकअपचे होज, म्हणजे चाकांकडे ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या, घरी बदलता येतात, पण नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नकोस, स्टँड लाव. खरी गोची होजला जोडलेल्या धातूच्या पाइपाच्या नटाची. साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात आणि मग धातूचा पाइपही बदलावा लागतो. म्हणून नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पानाच घे, आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मार. बँजो बोल्टला, म्हणजे होज ब्रेकला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला, तांब्याचे वॉशर नवेच. तिथे कंजूषी करणारे बरेच पाहिलेत. होजला पीळ नको. स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो टायरला घासतो का बघ. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाण्याने धू. शेवटी ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नकोस. पेडल स्पंजासारखं दबलं तर आत हवा आहे, पुन्हा काढ.