लेकीच्या मेडिकलसाठी 401 के वर लोन काढावं का?

न्यूजर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी लिहिलंय. मुलगी मागच्या मे मध्ये बायोलॉजी घेऊन ग्रॅज्युएट झाली, जीपीए (4 पैकी सरासरी गुण) 3.48, एमकॅट म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत 506. चौदा मेडिकल स्कूल्सना अर्ज केले, तेही ऑगस्ट संपता संपता, आणि सगळीकडून नकार आला. आता एका युनिव्हर्सिटीत एक वर्षाच्या स्पेशल मास्टर्सला (मेडिकलचा अर्ज मजबूत करायचा कोर्स) ॲडमिशन मिळालीये, राहण्याखाण्यासकट 58 हजार डॉलर. यजमान म्हणतायत 401 के वर, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंटच्या खात्यावर, 40 हजारांचं लोन काढू, उरलेले 529 मधून, म्हणजे शिक्षणासाठी साठवलेल्या खात्यातून, तिथे 22 हजार शिल्लक आहेत. शिवाय एक कन्सल्टंट अर्ज पक्का करून द्यायचे साडेसहा हजार मागतोय.

ताई, मला विचाराल तर 401 केला हात लावू नका आणि या मास्टर्सलाही आत्ता नाही म्हणा. का ते सांगते.

मेडिकलच्या अर्जात अंडरग्रॅज्युएटचा जीपीए आणि मास्टर्सचा जीपीए वेगवेगळे दाखवतात. म्हणजे 58 हजार खर्चून लेकीनं सगळीकडे ए आणला तरी तिचा 3.48 हा 3.48 च राहणार, मास्टर्सचे मार्क शेजारी वेगळे दिसणार. ते बघतात, नाही असं नाही, आणि ज्याचा जीपीए 3.2 वगैरे आहे त्याला कधीकधी तोच एक रस्ता उरतो. पण तुमची लेक तिथे नाहीये. तिनं रटगर्ससारख्या सरकारी युनिव्हर्सिटीत नॉन-डिग्री स्टुडंट म्हणून अंडरग्रॅज्युएट लेव्हलचे सायन्सचे 24 क्रेडिट केले, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स असे आधी न घेतलेले विषय, तर ते मार्क मूळ जीपीएत धरले जातात. आधीचे 120 क्रेडिट धरले आणि या सगळ्यात ए आला तर 3.48 चा साधारण 3.57 होतो. दिसायला कमी वाटेल, पण शेवटच्या वर्षाचा आलेख वर चढताना दिसतो आणि ॲडमिशन कमिटी ते नीट बघते. खर्च मी बारा हजारांच्या आसपास धरते, तो 529 मधून टॅक्स न भरता करता येतो, आणि तरी दहाएक हजार शिल्लक राहतात.

खरी अडचण एमकॅटची आहे असं मला वाटतं. 506 वाईट नाही, परीक्षा देणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांच्या ती पुढे आहे, पण एमडीला (इथली डॉक्टरकीची नेहमीची पदवी) प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची सरासरी 511-512 च्या घरात आणि जीपीए 3.8 च्या जवळ असतो. परत परीक्षा द्यायची फी साडेतीनशे डॉलरच्या आसपास, ऑफिशियल प्रॅक्टिस पेपर आणि एक चांगली क्वेश्चन बँक मिळून अजून काही शे. सगळ्या खर्चात डॉलरमागे सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. फक्त घाईनं देऊ नका, आधीचे स्कोअरही कॉलेजांना दिसतात, म्हणून प्रॅक्टिस पेपरात सलग 511-512 यायला लागल्यावरच तारीख घ्या.

दुसरी गोष्ट, अर्ज ऑगस्टअखेर गेले. अर्ज जूनच्या सुरुवातीला जायला हवा, कारण बरीच कॉलेजं जसे अर्ज येतील तसे इंटरव्ह्यू वाटत जातात, आणि अर्ज तपासून कॉलेजांकडे जायलाच काही आठवडे लागतात. ही चूक सुधारायला एक पैसाही लागत नाही.

आता 401 के. 40 हजार पाच वर्षांत फेडायचे म्हणजे साडेआठ टक्क्यांनी महिन्याला 820 डॉलर पगारातून जाणार. आत्ता काढलं तर ते 2031 पर्यंत चालणार, आणि लेक 2027 च्या जूनमध्ये अर्ज करून 2028 ला मेडिकलला लागली तर तिची पहिली तीन वर्षं याच हप्त्यात जातील. त्यात सरकारी कर्जाचे नियम बदललेत. ग्रॅड प्लस हे सरकारी लोन, ज्यावर आतापर्यंत सगळा खर्च भागायचा, ते 1 जुलै 2026 पासून नवीन कर्ज घेणाऱ्यांना बंद. मेडिकलच्या विद्यार्थ्याला वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाख एवढीच फेडरल मर्यादा. न्यूजर्सीतल्या सरकारी कॉलेजातही फी आणि राहणं मिळून 50 हजारांत भागत नाही, प्रायव्हेटमध्ये वर्षाला 90 हजारांच्या पुढे सहज जातं. मधली फट प्रायव्हेट लोननं भरायची तर कोसाइनर म्हणजे जामीन म्हणून तुम्हालाच सही करावी लागणार. तेव्हा घरात पैसा मोकळा हवा. आज तो मास्टर्सला घातला तर नेमका गरजेच्या वेळी हात रिकामा. आणि यजमानांची नोकरी आयटीत आहे असं तुम्ही लिहिलंय, नोकरी गेली तर उरलेलं लोन त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावं लागतं, नाहीतर ते काढलेली रक्कम धरून त्यावर टॅक्स, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुतेक वेळा वर 10 टक्के दंड.

कन्सल्टंटला साडेसहा हजार देऊ नका. तिच्या कॉलेजचं प्री-हेल्थ ऑफिस, म्हणजे मेडिकलला जाणाऱ्यांना सल्ला देणारं ऑफिस, पास झालेल्यांनाही बऱ्याचदा मदत करतं. नकार दिलेल्या कॉलेजांना मेल करून अर्ज कुठे कमी पडला ते विचारा, काही कॉलेजं सांगतात. त्या उत्तराची किंमत साडेसहा हजारांहून जास्त आहे.

नाशिकला मामांच्या हॉस्पिटलात दोन महिने पाठवायचं म्हणताय, तर आजीला भेटायला जरूर पाठवा, ओपीडीत बसून बघूही दे, पण टाके घालणं, इंजेक्शन देणं असलं काही करू नको म्हणून बजावून सांगा. ट्रेनिंग नसताना परदेशात पेशंटवर केलेलं काम अर्जात लिहिलं की उलट अंगाशी येतं. त्यापेक्षा इथे ईएमटी, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरची प्रथमोपचार करणारी, हो म्हणावं. आपल्याकडे न्यूजर्सीत गावोगावी व्हॉलंटियर फर्स्ट एड स्क्वॉड आहेत, त्यांच्यामार्फत गेलं तर कोर्सची फी स्टेटच्या फंडातून भागते. किंवा स्क्राइबची, म्हणजे डॉक्टरच्या नोंदी लिहून घ्यायची नोकरी, पगार बेताचा पण रोज डॉक्टरच्या शेजारी उभं राहायला मिळतं आणि घरी राहून महिन्याला थोडे पैसेही साठतात.

एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच लिहिलीये, की डीओला (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, डॉक्टरकीची दुसरी पदवी) अर्ज करायला यजमानांचा विरोध आहे, लोक काय म्हणतील म्हणून. ताई, मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. 2020 पासून एमडी आणि डीओ दोघांची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग, एकाच व्यवस्थेत आहे, डीओ पूर्ण डॉक्टर असतो, सर्जरी करतो, औषध लिहून देतो. काही स्पेशालिटींना डीओला चुरस जास्त पडते हे खरं, पण 506 आणि 3.48 वर तिला डीओत आजही चांगली संधी आहे. आपल्या राज्यात रोवन युनिव्हर्सिटीचं डीओचं कॉलेज आहे. नुसत्या संकोचापोटी ते दार बंद ठेवणं 58 हजारांपेक्षा महाग पडेल.

पुढच्या अर्जांसाठी चारएक हजार बाजूला ठेवा. एमडीचा अर्ज पहिल्या कॉलेजला 175 आणि पुढे प्रत्येकी पंचेचाळीसच्या आसपास, पण वर सेकंडरीची, म्हणजे कॉलेज नंतर स्वतः भरून घेतं त्या दुसऱ्या अर्जाची फी कॉलेजागणिक शंभराच्या आगेमागे लागते, आणि डीओचा अर्ज वेगळा.

मास्टर्सचं डिपॉझिट दोन आठवड्यांत भरायचंय ना, तरीही मन होत असेल तर त्यांना मेल करून विचारा की मागच्या बॅचचे किती जण सुरुवातीला होते, किती जण पूर्ण करून गेले आणि किती जण एमडीला लागले. लेखी आकडे आले तर मला पाठवा, मी परत बसून हिशोब करून देईन.