आबांवर लिहिताना

प्रिय मुली,

तुझ्या आजोबांच्या, आबांच्या वर्षश्राद्धाला वाचायचा म्हणून पाठवलेला लेख मिळाला. मनापासून लिहिलायस, भाषाही छान आहे. पण नव्वद वर्षं जगलेला माणूस तू जवळजवळ सगळाच्या सगळा भारत-पाक युद्धाच्या ३ ते १६ डिसेंबर १९७१ या दोन आठवड्यांत कोंबलायस. शेवटी फक्त एक वाक्य: ‘निवृत्तीनंतर ते गावी समाधानाने राहिले.’ अगं, चाळिशीत वर्दी उतरवलेल्या हवालदाराची पुढची पन्नास वर्षं आहेत ती!

युद्धाचं आधी उरकून घेऊ, कारण तिथे दुरुस्त्या आहेत. लोंगेवाल्याची लढाई काढून टाक. तुझे काका लहानपणापासून तेच सांगत आलेत, मला माहीत आहे. पण पेटीतल्या पदकांचा फोटो तूच पाठवलायस आणि त्यात पूर्वी स्टार आहे, पश्चिमी स्टार नाही. लोंगेवाला राजस्थानात. पूर्वी स्टार पूर्वेकडच्या आघाडीवरच्यांना मिळाला. शेजारचं संग्राम मेडल त्या काळात नोकरीत असलेल्या कितीतरी जणांना मिळालं, त्यामुळे त्यावरून आघाडी कळत नाही. १९६५चं समर सेवा स्टारही आहे, म्हणजे त्या युद्धातही आबा मागे छावणीत बसलेले नव्हते. तुझ्या लेखात १९६५ नाहीच! पदकांच्या कडेवर आणि ताऱ्यांच्या पाठीमागे नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. भिंग घेऊन बघ आणि फौजेतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहा. ते पुस्तक सापडलं नाही तर पेन्शनच्या कागदांवरचा सैनिक क्रमांक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावला आहे, तिथे अर्ज कसा करायचा ते तिथली माणसं सांगतील.

आबा पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे, असं तू लिहिलंस. तसं असेल तर तुझ्या हातात जमालपूर आहे, आताच्या बांगलादेशातलं. ११ डिसेंबरला ते पडलं. त्याआधी आपल्या बाजूचे ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली आणि पाकिस्तानी कमांडर सुलतान महमूद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. हा किस्सा तू रंगवून लिहिशील अशी मला भीती वाटते. लिहू नकोस असं नाही, पण तो ब्रिगेडियरांचा किस्सा आहे. रस्ता अडवून अंधारात पडून राहिलेल्या हवालदाराला त्या चिठ्ठीचा पत्ताही नसेल. आबांनी तुला काय सांगितलं होतं? थंडी फार होती आणि पायातले बूट कित्येक दिवस निघाले नव्हते. बस, एवढंच. मग तेवढंच लिही. ‘शत्रूच्या डोळ्यांत डोळे घालून’ वगैरे तू जे भरलंयस ते सिनेमातलं आहे. जे ते बोलले नाहीत, ते तू त्यांच्या तोंडी घालू नकोस. बरेचसे जुने सैनिक गप्प राहतात. त्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं असतं आणि आबांचं आता कळणार नाही.

आता आजीकडे जा. त्या युद्धाचा अर्धा भाग तिच्याकडे आहे आणि तो तिला कोणी विचारलेला नाही. पत्रावर ‘९९ एपीओ’ असायचं का ‘५६ एपीओ’, हे विचार. पुष्कळ घरांत छप्पन एपीओ हे गावाचं नाव आहे असंच वाटायचं. प्रत्यक्षात ते फौजी टपालाचे क्रमांक. माणूस नेमका कुठे आहे हे पत्त्यावरून कळू नये हाच हेतू. नव्याण्णव पूर्वेकडचा, म्हणजे जुनी पाकिटं उरली असतील तर तोही पुरावाच. पत्र वाचून कोण दाखवायचं? वाचणाऱ्यासमोर तिला काय विचारता यायचं नाही? मनिऑर्डर कोणाच्या नावावर यायची, तिच्या का सासऱ्यांच्या? तार आली की घरात काय व्हायचं? आणि त्या डिसेंबरात रेडिओ कोणाकडे होता? एका बैठकीत सगळं विचारू नकोस. ती भाजी निवडत असताना जाऊन बस, वही घेऊन समोर नको.

मग त्या पन्नास वर्षांकडे ये. माझ्या मते खरा लेख इथेच आहे. पेन्शनीवर आलेला चाळिशीचा माणूस गावात उपराच असतो. बरोबरीचे लोक शेतीत, नोकरीत रुळलेले, मुलं बापाला सुट्टीतला पाहुणा म्हणून ओळखणारी. तुझ्या वडिलांना विचार, आबा कायमचे घरी आले तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं का. उत्तर गोड असेलच असं नाही. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची दुसरी नोकरी त्यांनी केली, तिचा तुझ्या लेखात उल्लेखच नाही. लाज वाटली का? ज्याच्या हाताखाली सेक्शन, म्हणजे जवानांची छोटी तुकडी होती, तो तिशीतल्या मॅनेजरला रोज सलाम ठोकत होता. यात कमीपणा नाही, उलट यातच तो माणूस दिसतो.

त्यांचा रागही लिही. ताटात उरलेल्या भाकरीवरून घर डोक्यावर घेणं, मिनिटभर उशीर झाला की एसटी चुकल्यासारखा चेहरा, कॅन्टीनच्या कोट्यातली रमची बाटली आणि ती कोणाला द्यायची यावरून होणारे रुसवेफुगवे. वर्षश्राद्धाला जमलेल्यांना हे सगळं ठाऊक आहे. तू देवमाणूस उभा केलास तर ते मान डोलावतील आणि मनात म्हणतील, हा कोणी दुसराच. आणि २६ जानेवारीला पदकं लावून झेंड्याजवळ उभं करायला बोलावणारं गाव एरवी त्यांना किती विचारायचं, हेही एखाद्या वाक्यात येऊ दे, कडवटपणा न आणता.

लेख आधी आजीला वाचून दाखव. ती जिथे ‘असं नव्हतं गं’ म्हणेल तिथे थांबून तिचं म्हणणं उतरवून घे आणि मग मला पाठव. लोंगेवाल्याचं काकांना तू सांगू नकोस, कार्याच्या आधी भांडण नको. पूर्वी स्टार त्यांच्या हातात देऊन मीच बोलतो.

तुझा,
बाबांचा मास्तर