मुलगी कथक शिकते, पण घरी कोणालाच संगीत येत नाही; सराव कसा करून घ्यावा?

आपली सात वर्षांची मुलगी चार महिन्यांपासून कथकच्या वर्गाला जाते, वर्गात नीट नाचते, परंतु घरी मोबाईलवर लेहरा (तालाच्या फेरीबरोबर पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट) लावला की गोंधळते आणि सरावाला बसायलाच नको म्हणते, असे आपण लिहिले आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी हेच चालले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मोबाईलवरचा लेहरा वाईट नसतो, पण तो मुलासाठी थांबत नाही. तीनताल या तालाच्या सोळा मात्रांत (ठोक्यांत) ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हा तत्कार, म्हणजे पायांनी वाजवायचे बोल, दोनदा बसतो. ‘ता’ उजव्या पायाने घेतला की पुढचे बोल आळीपाळीने येतात, त्यामुळे ‘तत्’ डाव्या पायावर पडतो आणि लगेचचा ‘आ’सुद्धा डाव्यानेच घ्यावा लागतो. माझ्या मुलीचा पाय नेमका इथेच अडत असे. ती सवयीने उजवा उचलायची, चूक लक्षात येऊन थबकायची, आणि तोवर लेहरा दोन मात्रा पुढे निघून गेलेला असायचा. अशा तालाच्या तीन-चार फेऱ्यांनंतर ती रडवेली होऊन कोपऱ्यात जाऊन बसे. तिला सूर हवा होता, पण तिच्या पायाकडे पाहून वाजणारा हवा होता.

तेव्हा माळ्यावरची आईची जुनी पेटी (हार्मोनियम) खाली काढली. मी स्वतः त्यापूर्वी कधी पेटीला हात लावलेला नव्हता, म्हणून मला जी सोय सापडली ती आपल्यालाही उपयोगी पडेल. पेटीवर काळ्या पट्ट्यांचे दोन आणि तीन असे गट असतात. तिनाच्या गटातील पहिली पट्टी, म्हणजे काळी तीन, ‘सा’ धरली तर त्या गटात सा, रे, ग आणि पुढच्या दोनाच्या गटात प, ध मिळतात. हे भूप रागाचे पाचही स्वर झाले. पांढऱ्या पट्टीला हात लावावाच लागत नाही. त्यावर आम्ही घरीच एक साधा लेहरा बांधला: सा रे ग प, ध सां ध प, ग रे ग प, ग रे सा ध. ‘सां’ म्हणजे वरचा ‘सा’, पुढच्या तिनाच्या गटातील पहिली पट्टी. शेवटचा ‘ध’ मंद्रातला (खालच्या सप्तकातला), म्हणजे ‘सा’च्या डावीकडची लगतची काळी पट्टी; तिथून पुन्हा समेवरच्या, म्हणजे पहिल्या मात्रेवरच्या, ‘सा’वर येणे हाताला आणि कानाला आपोआप सुचते. मला हे बोटांत बसवायला आठवडा लागला.

सुरुवातीला अगदी संथ वाजवावे, आणि ‘आ’ जवळ आला की, डावा पाय पडेपर्यंत, तो स्वर किंचित लांबवावा. शास्त्राच्या दृष्टीने ही लयीची चूकच आहे, परंतु पहिले पंधरा दिवस ती जाणूनबुजून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाय न अडखळता पडू लागले की मात्र हात जराही ढिला सोडू नये. पुढे दुगुन आली तरी लेहरा त्याच लयीत राहतो, फक्त एका मात्रेत दोन बोल बसतात, त्यामुळे वाजवणाऱ्याला नवे काही शिकावे लागत नाही.

आमच्याकडे टाळी आजीकडे असते. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली; त्या वेळी त्या हात उलटा करतात आणि नात नाचता नाचता तो हात बघते. नंतर दोघी बसून हातावर ताल धरत बोल म्हणतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत ही पढंत विचारली जाते, म्हणून तिची सवय लवकर लागलेली बरी.

घुंगरू रोज बांधू नयेत. उघड्या पायाचा फरशीवरचा आवाज ऐकू आला की कोणता पाय हलका पडला ते मुलांना स्वतःला कळते. वेळ पंधरा-वीस मिनिटे पुरे. पेटी विकत घेण्याची घाई करू नका, ओळखीत कोणाकडे तरी पडून असतेच. आणि आपला लेहरा बसल्यावर तो एकदा गुरूंना ऐकवावा. वर्गात त्यांचा वेगळा लेहरा चालत असेल तर तोच त्यांच्याकडून लिहून घेऊन घरी वाजवावा.