कराडहून सेसना (छोटं, हलकं विमान) घेऊन कोल्हापूरला उतरायचंय, पुढे एटीआर (पंख्यांचं, बरंच जड प्रवासी विमान) आहे. किती अंतर ठेवावं?

उतरलेल्या एटीआरमागे 3 मिनिटं, उडालेल्यामागे 2. धावपट्टीच्या टोकाऐवजी मधूनच उड्डाण सुरू केलंत तर 3. पण पुढचं विमान दिसतंय असं तुम्ही टॉवरला (विमानतळाच्या नियंत्रकाला) सांगितलंत आणि त्याच्यामागून उतरायची परवानगी घेतलीत, की अंतराची जबाबदारी तुमची.

धोका पंख्याच्या झोताचा नाही, पंखांच्या टोकांवरून सुटणाऱ्या दोन भोवऱ्यांचा आहे. विमान जड आणि संथ असेल तेव्हा ते सर्वात जोरकस. मिनिटाला 300 ते 500 फूट खाली बसतात, म्हणून पुढच्या विमानाच्या मार्गाखालून जाऊच नका. सेसना त्यात सापडली की गर्रकन एका कुशीवर जाते. एलरॉन (विमान कुशीवर वळवणारी पंखावरची झडप) पूर्ण दिला तरी सरळ होत नाही, आणि फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, सावरायला उंचीच नसते.

त्याच्या मार्गाच्या वर राहा, त्याची चाकं कुठे टेकली ते हेरून ठेवा, त्या जागेच्या पुढे टेका. पुढे धावपट्टी अपुरी वाटली तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. उडताना मात्र त्याने नाक उचललं त्या जागेच्या आधीच तुमची चाकं सुटायला हवीत.

वारापिशवी जेमतेम हलत असेल तर जास्त जपा: 3-4 नॉटचा (ताशी साधारण 6-7 किमी) आडवा वारा एक भोवरा धावपट्टीवरच धरून ठेवतो.