घर पसंत आहे, पण विकणारे किमतीत एक पैसाही सोडायला तयार नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घर सगळ्यांना आवडलंय, एजंटमार्फत कमी आकडा सांगून पाहिला, दरवेळी "किंमत फिक्स आहे" एवढंच उत्तर आलं, आणि आता घरातले वडीलधारे म्हणताहेत की जो माणूस थोडंही सोडत नाही त्याच्याशी व्यवहारच करू नये. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या थोरल्या दिरांचं हे आवडतं वाक्य आहे आणि आमच्या घरात त्यावरून झालेला वाद आजही मिटलेला नाही.

तर आधी उत्तर. किंमत हलत नसेल तर किमतीवर बोलणं थांबवा आणि बाकी सगळ्यावर बोला. विसार किती, उरलेले पैसे कधी आणि कोणत्या टप्प्यांत, ताबा कधी, घरात काय काय राहणार, दुरुस्ती कोण करणार, थकबाकी कोण भरणार. यातल्या प्रत्येक गोष्टीची पैशांत किंमत असते आणि ती बहुतेक लोक मांडतच नाहीत, कारण त्यांना फक्त "किती पाडले" हे नातेवाइकांना सांगायचं असतं.

आता आमचं ऐका. आम्ही घर शोधत होतो तेव्हा दादा (थोरल्या दिरांना आम्ही सगळे दादाच म्हणतो) म्हणाले, "तुम्हा दोघांना बोलता येत नाही, मी येतो." आले. घर एका निवृत्त गृहस्थांचं होतं. दादांनी उंबरठा ओलांडला तोच नावं ठेवायला सुरुवात केली. खिडकीच्या गजांना गंज आहे, न्हाणीघरामागच्या भिंतीला ओल आहे, ओट्यामागच्या टाइल्स कुठल्या काळातल्या आहेत. भिंतीवर टिचक्या मारून "प्लास्टर पोकळ झालंय" असंही जाहीर केलं. ते गृहस्थ निमूटपणे ऐकून घेत होते. टाइल्सचा विषय निघाला तेव्हा मात्र ते उठले, पंख्याचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "नसेल आवडलं तर राहू द्या ना. कुणी आग्रह केलाय?" त्या टाइल्स त्यांच्या दिवंगत पत्नीने निवडलेल्या होत्या, हे आम्हाला पुढे कळलं.

दादा बाहेर आले ते खुशीत. "घाबरलाय. बघ, चार दिवसांत फोन येतो की नाही." फोन आला नाही. एजंटने विचारल्यावर निरोप मिळाला की त्या लोकांना घर द्यायचं नाही, जास्त पैसे दिले तरी नाही.

नावं ठेवली की भाव उतरतो, ही समजूत कुठून आली देव जाणे. ज्या घरात माणूस निम्मं आयुष्य राहिला त्याला तुम्ही ते घर कसं भिकार आहे हे ऐकवणार आणि वर त्याने तुम्हाला सवलत द्यायची? दोष दाखवायचाच असेल तर प्लंबरला घेऊन जा, ओल कुठून येतेय ते बघा, दुरुस्तीचा खर्च लिहून घ्या आणि तो कागद पुढे ठेवा. मताशी माणूस भांडतो, खर्चाच्या अंदाजपत्रकाशी भांडायला त्याला दुसरं अंदाजपत्रक आणावं लागतं.

दादांना न सांगता आम्ही दोघं परत गेलो. आधी झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली, कारण पाहुणा आमचा होता. मग मी फक्त एवढंच विचारलं, "काका, हा आकडा ठरला कसा?"

इतके दिवस हा प्रश्न कुणीच विचारला नसावा. सगळे "शेवटचे किती?" एवढंच विचारत असणार. काका आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून वहीचा एक रेघांचा कागद घेऊन आले. चार घड्या पडून तो मधोमध विरायला आला होता. वर घराची एकूण किंमत, आधी अंकांत, मग अक्षरांत, पुढे "फक्त". खाली दोन भाग पाडलेले, एकावर काकांचं नाव, दुसऱ्यावर त्यांच्या धाकट्या भावाचं. दोन सह्या, दोन वेगळ्या शाईंच्या. घर दोघांच्या नावावर होतं. भावाभावांत किती तरी वर्षं बोलणं नव्हतं, आणि शेवटी कुणी तरी मध्ये पडून हा आकडा ठरवून दिला होता. काका म्हणाले, "मी यातून थोडे कमी केले तर तो म्हणणार, वरचे तू खाल्लेस. मला पैशांचं एवढं नाही. मला हे परत उकरायचं नाही."

बसा आता घासाघीस करत! तो आकडा मुळात आमच्याशी बोलण्यासाठी ठरलेलाच नव्हता. तो दोन भावांमधला तह होता. आम्ही कितीही गोड बोललो असतो, रागावून निघून गेलो असतो, रोख रक्कम दाखवली असती, तरी तो हलणार नव्हता.

पण तह फक्त किमतीचा होता, आणि कागदावर किमतीशिवाय काहीच नव्हतं. काकांना घर लगेच सोडायचं नव्हतं, कारण ते मुलीकडे राहायला जाणार होते आणि तिकडची खोली तयार व्हायची होती. आम्हाला आमचं जुनं घर विकून पैसे उभे करायचे होते. म्हणजे त्यांना ताबा उशिरा द्यायचा होता आणि आम्हाला मोठी रक्कम उशिरा द्यायची होती. दादांच्या सगळ्या टिचक्यांमध्ये ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. आम्ही विसार थोडा दिला, मधला हप्ता जुनं घर विकल्यावर आणि उरलेले खरेदीखताच्या दिवशी. व्याज काही नाही. हे जमलं नसतं तर जुनं घर विकलं जाईपर्यंत आम्हाला वेगळं कर्ज काढावं लागलं असतं, त्याचं व्याज आणि प्रक्रिया शुल्क भरावं लागलं असतं. ते सगळं मांडून पाहिलं तर दादा जेवढे पाडायला निघाले होते त्याहून जास्तच वाचले. शिवाय कपाटं, पंखे, गिझर, सगळं घरातच राहिलं. ओलीचं काम काकांनी आपल्या हिश्श्यातून करून दिलं, कारण त्याला भावाची सही लागत नव्हती.

ताबा उशिरा घेण्यात जोखीम असते, ती आम्ही कागदावर बांधली. ठरल्या तारखेला घर रिकामं झालं नाही तर रोजचे ठरावीक पैसे शेवटच्या रकमेतून कापायचे, असं कलम साठेखतात, म्हणजे खरेदीखताच्या आधी होणाऱ्या करारात, घातलं. काकांनी ते कलम वाचलं आणि वकिलांना म्हणाले, बरोबर आहे, घाला.

आणि तरीही दादांच्या लेखी आम्ही "सांगितली तेवढी किंमत मोजणारे" लोक आहोत. घरात पाहुणे जमले की हा विषय निघतोच. एकदा आमची लेक, ती अर्थशास्त्र शिकते, त्यांना म्हणाली की विकणारा अडून बसतो याचा अभ्यास झालेला आहे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थतज्ज्ञांनी 1990 च्या दशकातले बॉस्टनमधले फ्लॅटचे व्यवहार तपासून 2001 साली शोधनिबंध लिहिला. बाजार पडल्यामुळे ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमी मिळणार होते, असे लोक त्या तोट्याच्या 25 ते 35 टक्के रक्कम आपल्या मागणीत चढवत होते. त्यातलं थोडं त्यांना मिळतही होतं, पण घर विकायला इतरांपेक्षा बराच जास्त वेळ लागत होता. दादा म्हणाले, "ते तिकडचे लोक." मी म्हटलं, दादा, "जेवढ्याला घेतलं त्याच्या खाली देणार नाही" हे वाक्य तुम्ही स्वतः गाडी विकताना बोललात. मग विषय बदलला.

ह्यांनी, म्हणजे आमच्या घरातल्यांनी, या वादात आजवर एक शब्द काढलेला नाही. असो.

तुमच्या विकणाऱ्याचाही आकडा कशाला तरी बांधलेला असणार. कर्ज फेडून हातात किती उरायला हवेत, पुढचं घर कितीला ठरलंय, शेजारचं कितीला गेलं, वाटणी कशी आहे. कर्ज फेडण्यापुरताच आकडा असेल तर तो खाली येऊच शकत नाही, तिथे वेळ घालवू नका. शेजाऱ्याच्या ऐकीव किमतीवर असेल तर तसल्याच घरांच्या नोंदणी झालेल्या किमती गोळा करून दाखवा, तो हलतो. घर नुकतंच बाजारात आलं असेल तर आज कुणीच हलणार नाही; काही महिने पडून राहिलं की तोच माणूस स्वतः फोन करतो.

आणि जेवढा जीव किमतीवर टाकताय त्यातला थोडा बँकेवर टाका. वीस वर्षांच्या कर्जाला 9 टक्क्यांऐवजी 8.5 टक्के दर मिळाला तर हप्ता साधारण साडेतीन टक्क्यांनी उतरतो. दर तसाच राहिला तर कर्जाची रक्कम साडेतीन टक्के कमी केल्याइतकंच ते झालं. विकणाऱ्याशी महिनाभर भांडून मिळालं नसतं ते दोन-तीन बँकांत फिरून मिळू शकतं. (दर बदलता असेल तर तो पुढे वरही जाईल, हे धरून चाला.)

आता हेही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल बाई सांगेल त्या किमतीला घर घ्यायला सांगतेय. आमच्या घराची किंमत बाजाराला धरून होती म्हणून हे सगळं जमलं. मागणी बाजारापेक्षा बरीच वर असेल तर पंखे आणि कपाटं घेऊन ती भरून निघत नाही. बँक स्वतः मूल्यांकन करते आणि ते करारातल्या किमतीपेक्षा कमी आलं तर कर्ज त्या कमी आकड्यावर मिळतं, वरचा फरक तुमच्या खिशातून. तो फरक झेपणार नसेल तर तेच सरळ सांगा, आणि मूल्यांकनाचा अहवाल हातात आला असेल तर तो दाखवा. मालकी हक्काची कागदपत्रं आणि घरावरचा बोजा वकिलाकडून तपासल्याशिवाय तर विसारही देऊ नका. आणि "किंमत तीच, पण कागदावर कमी दाखवू, बाकी रोखीत द्या" असं कुणी सुचवलं तर ती सवलत नव्हे. कर चुकवल्याचं प्रकरण तुमच्यावर येतं, आणि व्यवहार फिसकटला तर रोख दिलेले पैसे दिल्याचा पुरावाही नसतो.

एजंटला मध्ये न ठेवता एकदा समोरासमोर भेटता आलं तर भेटा, घरातला जो कुणी सर्वांत कमी बोलतो त्याला बरोबर न्या, आणि वडीलधाऱ्यांना त्या दिवशी दुसरं काही तरी काम द्या. भेट होत नसेल तर लेखी प्रस्ताव पाठवा: तुमची रक्कम, पैसे देण्याच्या तारखा, ताबा त्यांना हवा तेव्हा, आणि हा प्रस्ताव कोणत्या तारखेपर्यंत खुला आहे ते. मग ती तारीख उलटेपर्यंत स्वतःहून फोन करू नका, आणि तोवर दुसरी घरं खरोखर बघत राहा.