रातकिड्यांचे खाद्यपदार्थ ऑनलाइन विकताना लिस्टिंग कशी लिहावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमची मैत्रीण जर्मनीत रातकिड्यांपासून केलेले दोन पदार्थ ऑनलाइन विकता. एक अख्खे भाजलेले रातकिडे, दुसरा त्यांची पावडर घातलेले क्रॅकर. लिस्टिंग, म्हणजे ऑनलाइन दुकानातलं पदार्थाचं पान, उघडून बघणारे भरपूर आहेत, पण विकत घेणारे मोजकेच. शीर्षकात तुम्ही ‘हाय प्रोटीन इको स्नॅक’ असं लिहिलं आहे आणि रातकिड्याचा उल्लेख थेट खाली घटकयादीत येतो. यात काय बदलावं, आणि पुढेमागे हे भारतात विकता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी नेदरलँड्समध्ये राहते. छोट्या खाद्य उत्पादकांसाठी लिस्टिंग लिहिणं हेच माझं काम आहे आणि त्यात कीटकांचे पदार्थही येतात. माझं स्पष्ट मत आधी सांगते: रातकिडा पहिल्या ओळीत आणा, आणि त्याच ओळीत तो चवीला कसा लागतो तेही लिहा. तुम्ही पहिली गोष्ट लपवली आहे आणि दुसरी लिहिलेलीच नाही.

लपवल्यानं काय होतं बघा. माणूस ‘इको स्नॅक’ समजून येतो, फोटो बघतो, खाली सरकतो आणि अचानक त्याला कळतं की हे किडे आहेत. त्या क्षणी त्याला किळस येते ती किड्याची कमी आणि फसवलं गेल्याची जास्त. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय संघानं रातकिड्यांच्या अंशतः चरबी काढलेल्या पावडरीला मान्यता दिली, तेव्हा ‘आता आपल्या पावात गुपचूप किडे घालणार’ अशा अफवा युरोपभर पसरल्या होत्या. त्याच वर्षी इटलीच्या सरकारनं अशा पिठांसाठी वेगळं शेल्फ आणि ठळक लेबल यांचा आग्रह धरला. तुमचा ग्राहक हे सगळं वाचून आलेला आहे. त्याच्यासमोर आडपडदा ठेवून चालणार नाही. ज्याला किडे नकोच आहेत तो शीर्षक वाचूनच पुढे जाईल, आणि ते तुमच्या भल्याचंच आहे. तो चुकून विकत घेऊन एक स्टार देणार नाही.

आता चव. बहुतेक विक्रेते पहिले तीन मुद्दे पृथ्वी वाचवण्यावर खर्च करतात: कमी पाणी, कमी जमीन, कमी हरितगृह वायू. मलाही या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, म्हणून तर मी या क्षेत्रात टिकून आहे. पण त्यानं पाकीट विकलं जात नाही. २०१८ मध्ये ‘फ्रंटियर्स इन न्यूट्रिशन’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. मीलवर्म (खाण्यासाठी वाढवलेली एक अळी) घातलेलं चॉकलेट लोकांपुढे ठेवलं. काहींना आधी आरोग्य किंवा पर्यावरणाचे फायदे सांगणारी जाहिरात दाखवली, काहींना खाण्याची मजा सांगणारी. मजेची जाहिरात पाहिलेल्यांनी ते चाखायची जास्त तयारी दाखवली. मला यात आश्चर्य वाटत नाही. एखादा पदार्थ ‘तब्येतीला चांगला’ म्हणून पुढे केला की तो चवीला बेताचाच असणार, असं आपण मनात धरतोच.

म्हणून तुमच्या भाजलेल्या रातकिड्यांचं वर्णन जिभेपासून सुरू करा. माझ्या तोंडाला त्यांची चव भाजलेल्या शेंगदाण्याच्या आणि सुक्या जवळ्याच्या मधली लागते: आधी कुरकुरीत, मग खमंग, शेवटी किंचित खारट माशाची आठवण. जर्मन ग्राहकाला जवळा माहीत नसेल. त्याला भाजलेलं हेझलनट आणि पॉपकॉर्नचं कुरकुरीत टोक सांगा. ‘अनोखी चव’ असं मात्र लिहू नका. अनोखं म्हणजे काय, याच भीतीनं तर तो थांबलेला आहे.

कधी आणि कशाबरोबर खायचं हेही तिथेच सांगा. बिअरबरोबरचा चखणा, सूपवर भुरभुरवायला, सॅलडवर क्रूटॉनच्या (पावाच्या कुरकुरीत तुकड्यांच्या) जागी. नवा पदार्थ ओळखीच्या ताटात ठेवला की हात पुढे होतो. शीर्षक मी असं करीन: ‘भाजलेले रातकिडे, लसूण आणि समुद्री मीठ, कुरकुरीत चखणा, ४० ग्रॅम’. क्रॅकरसाठी: ‘रोझमेरी क्रॅकर, रातकिड्याच्या पावडरीसह (५ टक्के), १०० ग्रॅम’. अर्थात हे जर्मनमध्ये. जिथे विकता तिथल्या ग्राहकाला सहज कळेल अशा भाषेत माहिती देणं हा नियमच आहे. मोबाइलवर शोधताना शीर्षकाचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, म्हणून ब्रँडचं नाव आणि विशेषणं मागे ढकला.

‘हिंमत आहे का?’ या धाटणीची विक्री मला मनापासून नावडते. पाकिटावर कवटी, आगीच्या ज्वाळा, ‘पार्टीत मित्रांना घाबरवा’ असला मजकूर. अशी पाकिटं एकदा विकली जातात, व्हिडिओ काढून होतो, उरलेलं कचऱ्यात जातं. परत कोणी मागवत नाही, कारण ते अन्न म्हणून विकलेलंच नसतं. दुसरं असं की हे अन्न कोट्यवधी लोक पिढ्यान्‌पिढ्या आवडीनं खातात. थायलंडमध्ये रातकिड्यांची रीतसर शेती होते. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या रोजच्या घासाला आपण भीतीचा खेळ करू नये. आणि ‘जगातलं पहिलंच’ असंही लिहू नका, ते खोटं आहे.

प्रथिनांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक लिस्टिंग इथेच चुकतात. रातकिड्यांच्या सुक्या पावडरीत साधारण ६० टक्के प्रथिनं असतात, आणि हा आकडा सगळे मोठ्या अक्षरांत टाकतात. पण तो पावडरीचा आकडा आहे, क्रॅकरचा नाही. समजा तुमच्या १०० ग्रॅम क्रॅकरमध्ये ५ ग्रॅम पावडर आहे. तिच्यातून ३ ग्रॅम प्रथिनं आली. गहू आणि बाकीच्या घटकांतून आठ-नऊ ग्रॅम धरा. एकूण ११-१२ ग्रॅम झाली. युरोपीय संघात ‘प्रथिनांचा स्रोत’ म्हणायला पदार्थाच्या एकूण ऊर्जेपैकी किमान १२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून यावी लागते, ‘हाय प्रोटीन’साठी २० टक्के. क्रॅकरमध्ये १०० ग्रॅमला ४३० किलोकॅलरी धरल्या तर १२ टक्क्यांसाठी सुमारे १३ ग्रॅम आणि २० टक्क्यांसाठी साडेएकवीस ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे या हिशेबानं तुमचा क्रॅकर ‘हाय प्रोटीन’ तर नाहीच, ‘स्रोत’ही नाही. अख्ख्या भाजलेल्या रातकिड्यांवर मात्र ‘हाय प्रोटीन’ बिनधास्त लिहिता येईल. दोन उत्पादनांना एकच मजकूर चिकटवू नका.

आणखी एक बारकावा. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणून प्रथिनांचा आकडा काढते. लेबलसाठी तीच पद्धत कायद्यात आहे. पण किड्यांच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा फुगतो. पोषणतक्त्यात नियमाप्रमाणेच लिहा. फक्त ‘मांसापेक्षा तिप्पट प्रथिनं’ असली तुलना टाळा. सुक्या पावडरीची तुलना ओल्या मांसाशी करणं मुळातच न्याय्य नाही, आणि जाणकार ग्राहक ते लगेच पकडतो.

पर्यावरणाबद्दल लिहायचंच तर नेमकं लिहा. रातकिडे कुठे वाढवले, काय खाऊ घातलं, कोणत्या देशातून आले, एवढं पुरे. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘क्लायमेट न्यूट्रल’ असे मोघम शब्द आत्ताच काढून टाका. युरोपीय संघाचा २०२४ चा नवा निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो आहे, त्यात पुराव्याशिवायच्या अशा दाव्यांना बंदी आहे.

आता ॲलर्जी. ही ओळ मी कधीही खाली दडपू देत नाही. कोळंबी, खेकडा यांच्याशी किड्यांचं जवळचं नातं आहे. ज्याला त्यांची ॲलर्जी आहे त्याला रातकिड्यानंही त्रास होऊ शकतो. म्हणूनच रातकिड्याच्या मान्यतेत स्पष्ट अट आहे: कवचधारी जलचर, शंख-शिंपले वर्गातले प्राणी आणि धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) यांची ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, असं घटकयादीच्या लगत लिहायचं. घटकयादीत ‘अकेटा डोमेस्टिकस’ हे शास्त्रीय नाव आणि त्यापुढे कंसात रातकिडा, असं मान्यतेत जसं दिलं आहे तसंच यायला हवं. क्रॅकरमधला गहू वेगळ्या ठळक अक्षरांत हवाच. आणि हे सगळं फक्त पाकिटावर असून भागत नाही. ऑनलाइन विक्रीत ही माहिती ग्राहकानं पैसे देण्याआधी त्याच्या डोळ्यांसमोर असावी लागते. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकला म्हणजे झालं, असं समजू नका. फोटोतली बारीक अक्षरं मोबाइलवर वाचता येत नाहीत, आणि अंध ग्राहकाच्या स्क्रीन रीडरला तर मुळीच नाही. मजकूर म्हणून टाइप करा. पदार्थाच्या नावात रातकिड्याला मिरवता, म्हणून त्याचं प्रमाण टक्क्यांत देणंही बंधनकारक आहे. प्रतिकिलो दर विसरू नका. तो आकडा मोठा दिसतो, त्यामुळे छोटं चव-पाकीट ठेवा, पहिली खरेदी त्याच्यावरच होते.

फोटोंबद्दल थोडंच. पहिला फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाकिटाचा. दुसऱ्यात वाटीतले रातकिडे जसे आहेत तसे, शेजारी हात किंवा चमचा म्हणजे आकार कळेल. डोळे आणि पाय भिंगातून दाखवणारा फोटो नको. क्रॅकरच्या लिस्टिंगवर मात्र किड्याचा फोटो अजिबात लागत नाही, तिथे मोडलेला क्रॅकर आणि चीज पुरेसं आहे. नाव शीर्षकात आहे, त्यामुळे यात लपवाछपवी नाही.

प्रश्नोत्तरांच्या भागात, लोकांच्या मनात असतात पण विचारायला लाज वाटते ते प्रश्न स्वतःच घाला. ‘किड्याच्या पोटात काय असतं?’ हा त्यातला पहिला. उत्तर चांगलं आहे: मारण्याआधी किमान २४ तास त्यांना उपाशी ठेवावं लागतं, म्हणजे आतडं रिकामं होतं. ही मान्यतेतलीच अट आहे. ‘पाय घशात अडकतात का?’ याचं उत्तर तुमच्या उत्पादनाप्रमाणे प्रामाणिक द्या. पुढे टोळ विकायला घेतलेत तर सुक्या आणि गोठवलेल्या टोळांचे पाय आणि पंख काढलेलेच असावे लागतात, तेही तिथे सांगा. ‘शाकाहारी आहे का?’ याला सरळ ‘नाही’.

मजकुराला हात लावण्याआधी एक कागद मात्र बघा. युरोपीय संघात रातकिडा ‘नवीन अन्न’ या २०१५ च्या नियमाखाली येतो. २०२२ ची गोठवलेल्या, सुक्या आणि पावडर रूपातल्या रातकिड्याची मान्यता आणि २०२३ ची चरबी काढलेल्या पावडरीची मान्यता, दोन्ही पाच-पाच वर्षांसाठी विशिष्ट अर्जदार कंपन्यांपुरत्याच आहेत. तुमचा पुरवठादार त्यांत बसतो का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. शिवाय १०० ग्रॅममागे किती पावडर चालते याची मर्यादा पदार्थाच्या प्रकाराप्रमाणे ठरलेली आहे. ही कागदपत्रं तयार असली की मार्केटप्लेसनं (तुम्ही ज्या विक्री-संकेतस्थळावर विकता त्यानं) लिस्टिंग थांबवली तरी ती सोडवून घेणं सोपं जातं. माझ्या ओळखीतल्या एका विक्रेत्याची लिस्टिंग ऐन नाताळात बंद पडली होती, ती पुरवठादाराच्या एका पत्रानं सुटली.

भारताबद्दल: तिथे कीटकांच्या पदार्थांसाठी ठरलेलं मानक नाही. ज्या अन्नाला मानक नाही त्याला ‘एफएसएसएआय’च्या (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१७ च्या नियमांखाली आधी मंजुरी घ्यावी लागते. म्हणून सध्या तरी जर्मनीवरच लक्ष द्या. मंजुरी मिळालीच, तर पाकिटावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण लागेल. मध, मेण आणि लाख यांना त्या व्याख्येतून सूट आहे, अख्ख्या किड्याला नाही. आणि तिथल्या लिस्टिंगमध्ये हा त्रिकोण पहिल्याच फोटोत स्पष्ट दिसू द्या. आपल्याकडे अनेक घरांत तो बघितल्याशिवाय पाकीट उघडत नाहीत.

क्रॅकरच्या मूळ पाककृतीचे आकडे, म्हणजे पावडर किती टक्के आणि १०० ग्रॅममधली ऊर्जा, इथे प्रतिसादात लिहिलेत तर प्रथिनांचा कोणता दावा चालेल ते मी हिशेब करून सांगते.