वळवाची सर पडली की सोलापूरला गार आणि आपल्याकडे घामाच्या धारा, असं का?

प्रश्न : मी देवगडची, मुलगी सोलापूरला दिलीय. मे महिन्यात तिच्याकडे ४२-४३ आणि आपल्याकडे ३३-३४, हे समुद्रामुळे एवढं कळतं. पण वळीव पडला की तिचा फोन येतो, आई दोन दिवस बरं वाटतंय, पारा चांगला उतरलाय. इथे तशीच सर पडली तर उलट जास्तच उकडतं. असं का?

उत्तर : ताई, ऊन दोन्हीकडे जवळपास सारखंच, फरक पडतो तो जमीन त्या उन्हाचं करते काय यात. ओल असेल तर बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि ओल नसेल तर तीच उष्णता माती तापवते, मग वरची हवा, मग तुमची मुलगी. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर आणि ते उडायला साधारण २४ लाख जूल लागतात, म्हणजे विजेच्या भाषेत एका युनिटच्या दोन तृतीयांश. आता गुंठ्याचा हिशेब करा, नुसतं १ मिलिमीटर पाणी उडालं तरी ६५-७० युनिट खर्ची पडतात, आपलं महिन्याचं बिल बघितलंत तर हे किती होतं ते कळेल. एवढी उष्णता हवा तापवायला गेलीच नाही, म्हणून पारा उतरतो. (ढग आणि पावसाची गार हवा असतेच, पण ती तासाभराची, दुसऱ्या दिवशीचा गारवा ओलीचा.) वरचा थर सुकला की खालून पाणी वर यायला वेळ लागतो आणि पारा परत चढतो. काळ्या मातीत खाली ओल असते हो, पण चिकणमाती ती इतकी घट्ट धरून ठेवते की उन्हाला सहज मिळत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात हवेतच इतका दमटपणा असतो की सर पडून आणखी वाफ झाली तर अंगावरचा घाम वाळत नाही, पारा अर्ध्या अंशाने उतरला तरी जीव कासावीस. आणि दुपारचं तापमान इथे खारा वारा ठरवतो, जमीन नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच मिटतो, माती गच्च भिजलेली, कमी पडतं ते ऊन. सोलापूर, सांगोला, माणदेश पट्ट्यात उलटं, ऊन भरपूर आणि कमी पडतं ते पाणी, म्हणून तिथे मातीतली थोडीशी ओलसुद्धा सगळा हिशेब फिरवते. २००४ साली बऱ्याच देशांच्या संगणकावरच्या हवामान मॉडेलांचे निकाल एकत्र ताडून बघितले तेव्हा मातीतल्या ओलीचा पावसावरही जोर दिसणाऱ्या जागांत आफ्रिकेतला साहेल, अमेरिकेतली मधली मैदानं आणि भारत आला. पार वाळवंटात हा जोर दिसत नाही, कारण तिथे उडायलाच काही नसतं.

कोकणात सोलापूर बघायचं असेल तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर जा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम बोटभर, एप्रिलात गवत वाळून कडक आणि दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. तिथून उतरून शिंपलेल्या पोफळीच्या आगरात या, ऊन तेच, पण सावली आणि पानांतून उडणारं पाणी दोन्ही मिळून फरक करतात. नुसती सावली म्हणाल तर पत्र्याच्या शेडखालीही असते, बसून बघा जरा.

प्रश्न : भिजलेली माती काळपट दिसते, म्हणजे ऊन जास्त शोषते. मग ती जास्त तापायला नको का?

उत्तर : शोषते जास्त, हे बरोबर. पण ती जादाची उष्णता वाफेतच जाते, शिवाय पाणी असलेली माती तापायलाही वेळ घेते. सुकी माती पटकन तापते आणि रात्री पटकन निवते, म्हणून सोलापूरच्या दिवसरात्रीच्या पाऱ्यात मार्चमध्ये १५ अंशांच्या आसपास फरक पडतो आणि जुलैत तो बराच कमी होतो. ढगांचाही त्यात हात आहे, सगळं श्रेय ओलीला देऊ नका.